पेशींचं बारसं

निवृत्त झाल्यावर मला कोणी काही विचारेल अशी माझी अपेक्षा नव्हती. तीस वर्षं एका सरकारी रुग्णालयाची रक्तपेढी सांभाळली; तिथे लोक विचारायचे ते एवढंच, की रक्ताची पिशवी कधी मिळेल. घाटकोपरला घरी बसून मी पहिले चार महिने कुंड्यांना पाणी घातलं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडले आणि मग कंटाळले. अशात अंधेरीच्या एका छोट्या कंपनीच्या संचालकांचा फोन आला. “मॅडम, आमच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळावर याल का?” मी म्हणाले, विचार करून सांगते, आणि फोन ठेवायच्या आत हो म्हणून मोकळी झाले.

मंडळ म्हणजे दोनच माणसं निघाली. एक मी आणि दुसरा माझा कॉलेजातला वर्गमित्र, पेशीशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. हा मुलुंडला राहतो. कॉलेजात असताना आम्ही एकाच टेबलावर बेडूक फाडले होते आणि तेव्हापासून भांडतो आहोत. मला बघितल्यावर तो म्हणाला, “वाट लागली. तुला पण बोलावलंय?” मी म्हणाले, “तुझ्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी पाहिजे ना रे.” संचालकांना वाटलं आमचं पटत नाही. चहा येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

कंपनी काय करते ते सांगते, सोपं आहे. बाळ जन्मलं की नाळेत थोडं रक्त उरतं. एरवी ते फेकून देतात. आईबापांच्या परवानगीनं ते आणायचं, त्यातल्या मूळपेशी वेगळ्या काढायच्या आणि त्यांना खाऊपिऊ घालून त्यांच्यापासून तांबड्या पेशी वाढवायच्या. थोडक्यात, प्रयोगशाळेत रक्त तयार करायचं. एका बॅचला तीन आठवडे लागतात. सुरुवातीला पेशी पांढरट असतात, बाराव्या दिवसाच्या सुमारास त्यांना लाली चढते आणि विसाव्या दिवसाच्या पुढे त्या खऱ्याखुऱ्या तांबड्या पेशी होतात. निदान व्हायला पाहिजेत. आमच्या होत नव्हत्या. चौदाव्या पंधराव्या दिवशी मरत होत्या.

हे काम एकटी एक मुलगी करत होती. पंचवीस सव्वीस वर्षांची, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. आई मासळी विकते, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि ते सांगताना तिची मान ताठ होती ते मला आवडलं. बोलायची फार कमी. वही मात्र अशी ठेवायची की माझ्या रक्तपेढीत अशी एक वही असती तर माझे केस एवढे पिकले नसते.

आमची सभा दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असायची. मी मेट्रोनं चकाल्याला उतरायचे आणि चालत जायचे. औद्योगिक वसाहतीतली जुनी इमारत, तळमजल्यावर पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना, वर तिसऱ्या मजल्यावर आमचं विज्ञान. संचालक जिन्यापर्यंत सामोरे यायचे. माणूस मनाचा मोठा. पाहुण्यांना काय दाखवू आणि काय नको असं त्यांना व्हायचं. म्हणून त्यांनी हिशेब करून बॅच अशी सुरू करायला लावली होती, की आम्ही यायच्या दिवशी ती बरोबर बारा दिवसांची व्हावी. पेशींना नुकता रंग चढलेला असायचा. रिकाम्या हातानं सल्लागारांना परत कसं पाठवायचं?

तिथे चहा करणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी या दिवसाचं नाव ठेवलं ‘बारसं’. जन्मलेल्या बाळांच्या नाळेतून आलेल्या पेशी, बारावा दिवस आणि बघायला आलेली मंडळी, म्हणजे बारसंच की. ते नाव सगळ्यांना इतकं आवडलं की ज्या उबदार पेटीत पेशी वाढायच्या तिला ‘पाळणा’ म्हणू लागले. “मॅडम, पाळणा उघडू का?” संचालक विचारायचे, आणि मी मोठ्या ऐटीत मान डोलवायचे.

मग पाळणा उघडायचा. चारही बाटल्या बाहेर यायच्या. प्राध्यापकाला चारही लागायच्या, कारण तुलना केल्याशिवाय मत द्यायचं नाही हे त्याचं तत्त्व. तो प्रत्येक बाटली उजेडासमोर धरायचा, हलवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दहा दहा मिनिटं बघायचा. मग मी बघायचे. मग संचालक, मग खालच्या मजल्यावरचे हिशेबनीस, कारण त्यांनाही कळायला हवं आपण काय करतो ते. शेवटी मावशी लांबून बघून म्हणायच्या, “गं बाई, कसा रंग आलाय.” ती मुलगी कोपऱ्यात हात बांधून उभी असायची. आम्हाला वाटायचं, लाजते.

त्यानंतर बटाटेवडे आणि सल्ला. प्राध्यापकाचा सल्ला ठरलेला: पाणी तपासा. माझा सल्ला दर वेळी वेगळा आणि दर वेळी ठाम. रक्त गोळा करायची पिशवी बदला, वाहतुकीची पेटी बदला, ज्या रुग्णालयातून नाळ येते ते बदला. ती मुलगी सगळं लिहून घ्यायची आणि सगळं करायची. आणि चौदाव्या दिवशी तिचा फोन यायचा. “मॅडम, गेल्या.” एवढंच.

एकदा प्राध्यापक म्हणाला, “हे बारसं नाही, हे बाराव्याचं जेवण आहे आणि आपण दर महिन्याला वडे खाऊन जातो.” मी त्याला गप्प बसवलं, पण ते मनाला लागलं.

लागायला कारण होतं. रक्तपेढीत असताना आमच्याकडे थॅलेसेमियाची मुलं यायची. दर दोन तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त, जन्मभर. त्यातली एक चिमुरडी दर वेळी पिशवीकडे बघून विचारायची, “आज कोणाचं?” दात्याचं नाव सांगायची परवानगी नसते, आणि मलाही ठाऊक नसायचं. मग मी ठोकून द्यायचे. आज एका पैलवानाचं. आज एका बसच्या कंडक्टरचं. आज गोविंदा पथकातल्या सगळ्यात वरच्या थरावरच्याचं. ती खूष व्हायची आणि दंड काढून दाखवायची, पैलवानाचं रक्त चढतंय म्हणून. सुट्ट्यांच्या दिवसांत दाते मिळायचे नाहीत तेव्हा मी फोनवर लोकांच्या हातापाया पडायचे, ते त्या दंडासाठी. अंधेरीच्या तिसऱ्या मजल्यावर मी काही फक्त मान मिळतो म्हणून जात नव्हते. बरं, मानही हवा होता, खोटं कशाला बोलू.

मध्ये एक महिना चमत्कार झाला. मी भाचीच्या लग्नासाठी कोल्हापूरला गेले होते आणि प्राध्यापकाला डेंग्यू झाला होता. सभा रद्द. आणि ती बॅच वीस दिवस जगली. शेवटी सगळ्या पेशी पूर्ण तयार झाल्या नाहीत, पण वीस दिवस. मुलीचा फोन आला तेव्हा ती चक्क हसत होती. प्राध्यापक अंथरुणातून म्हणाला, “बघ, नवीन पाणी.” मी म्हणाले, “नवीन पिशवी.” दोघांनीही आपापल्या नावावर पेढे वाटले. पुढच्या महिन्यात तेच पाणी, तीच पिशवी आणि आम्ही दुप्पट उत्साहानं हजर. संचालकांनी दोन मित्रांनाही बोलावलं होतं. पाळण्याची तासभर उघडझाप होत राहिली. चौदाव्या दिवशी फोन. “मॅडम, गेल्या.”

त्यानंतरच्या सभेत संचालकांनी पहिल्यांदाच वड्यांना हात लावला नाही. आणखी एक बॅच, ते म्हणाले, आणि नाही जमली तर तांबड्या पेशींचं काम बंद. कंपनीचं पोट खालच्या मजल्यावर भरतं, तिथे लोकांच्या मुलांचं नाळेतलं रक्त गोठवून जपून ठेवतात. मुलीला तिकडे हलवणार. नळ्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आणि थंड टाकीत ठेवायच्या. काम वाईट नाही, पण तिनं ज्यासाठी तीन वर्षं घातली ते हे नव्हे. ती वहीत खाली बघून लिहीत राहिली. सभा संपल्यावर मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “तुझी आई कुठे बसते गं? रविवारी पापलेट घ्यायला येते.”

आणि गेलेच मी. घाटकोपरहून मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत, पिशवी घेऊन. आई बाजारात पुढेच बसली होती, नाकात मोठी चमकी, समोर पापलेटं आणि सुरमई. मुलगी सुट्टीचा दिवस म्हणून तिच्या मागे पाटीवर बसली होती. मी आपली सवयीनं वाकले, एक सुरमई उचलली आणि कल्ला वर करून लाल आहे का बघायला लागले.

“ए बाय, हात नको लावू,” आई कडाडली. “दुरून बघ. दहा जणी येतात, दहा जणी कल्ले उघडतात, मासळी नरम पडते. मग तूच बोलणार, कोळीण शिळं देते.”

“आई, मॅडम आहेत या. आमच्या सल्लागार.” मुलगी गोरीमोरी झाली.

आईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. घाबरण्याचं चिन्ह नाही. “मग बरं झालं, आल्यात ते. बोल ना त्यांना आता. घरात येऊन कशाला रडतेस? रोज रडते ही, बाय. हिच्या त्या रक्ताच्या बाटल्या बघायला मोठी मोठी माणसं येतात म्हणे, सगळी हात लावतात, आणि ती गेली का हिचं सगळं मरतं. मी बोलली, सांग ना त्यांना, हात नको लावू. तर नाय. आमची पोरगी शिकलेली, तिला लाज वाटते.”

माझ्या हातात सुरमई तशीच होती. मी ती खाली ठेवली.

मुलीनं मला मागच्या बाजूला उलट्या टोपलीवर बसवलं आणि खालमानेनं सगळं सांगितलं. बाटल्यांमधलं पेशींच्या खाऊचं पाणी असतं नारिंगी गुलाबी. पेटीतली हवा नेमकी असते, त्या हवेत ते तसं राहतं. बाहेर काढून ठेवलं की हळूहळू जांभळं पडतं, म्हणजे पेशींना सोसेनासं होतं. नेमके बाराव्या दिवशी त्या सगळ्यात नाजूक असतात. वहीत तिनं प्रत्येक बॅचच्या बाराव्या दिवसाचा रंग लिहून ठेवला होता. सगळीकडे जांभळट. फक्त एका महिन्यात नारिंगी. भाचीचं लग्न आणि डेंग्यू.

“अगं मग बोलली का नाहीस?” माझा पारा चढला होता, आणि तो तिच्यावर चढलाय की स्वतःवर हे मलाच कळत नव्हतं.

“कसं बोलणार मॅडम? तुम्ही आणि सर एवढ्या लांबून येता. संचालक म्हणतात, दाखव. पाहुण्यांना कसं सांगायचं, बघू नका म्हणून?” मग म्हणाली, “आणि माझं चुकतही असेल.”

चुकत नव्हतं. ते मला ऐकताक्षणी कळलं, कारण माझ्याच रक्तपेढीत, माझ्याच हस्ताक्षरात, तीस वर्षं एक पाटी होती: फ्रिज उगाच उघडू नये. ती न वाचणाऱ्या किती निवासी डॉक्टरांना मी रडवलं असेल. मला त्या टोपलीवर बसल्या बसल्या आधी लाज वाटली, मग हसू फुटलं, आणि मी हसते आहे असं बघून मुलगीही हसायला लागली. आईनं विचारलं, “घेणार का नाय पापलेट?” मी दोन जोड्या घेतल्या. भाव कमी करायला सांगायची हिंमत झाली नाही.

त्याच संध्याकाळी ती पापलेटं तळून डब्यात घातली आणि मुलुंड गाठलं. प्राध्यापकाला आधी खाऊ घातलं. पोट भरल्याशिवाय तो कोणाचं ऐकत नाही. मग मुलीकडून मागून आणलेली वही पुढे ठेवली.

तो तासभर वाचत होता. मधे एकदाच म्हणाला, “आमच्या वेळी बाटल्यांची झाकणं घट्ट असायची, हवा आतबाहेर जायची नाही. कितीही वेळ बाहेर ठेवा, फरक पडायचा नाही.”

“आपल्या वेळी तुला केसही होते रे.”

त्यानं वही मिटली आणि चष्मा पुसला. “पोरीनं काम चोख केलंय,” तो म्हणाला. “गाढव आपण दोघं.” कॉलेजपासून आजवर आमचं एकमत झाल्याचा हा पहिला प्रसंग.

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा लावली. संचालकांना पटेना. विज्ञान पटलं, रीत पटेना. “मॅडम, तुम्हाला बोलवायचं आणि दारातून परत पाठवायचं? बरं दिसतं का ते?” मी म्हणाले, नका बोलावू. आणि इतिवृत्तही आमची ती मुलगीच लिहायची, तिला सांगितलं, लिही: सल्लागार मंडळाचा एकमुखी सल्ला असा, की बॅच सुरू झाल्यापासून तयार होईपर्यंत सल्लागारांनी येऊ नये.

तिचं पेन थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “लिही गं. आणि पुढे लिही, संचालकांनीही पाळणा उघडू नये.”

“मीसुद्धा?” संचालक म्हणाले.

“तुम्ही तर नाहीच,” प्राध्यापक म्हणाला, आणि आम्ही तिघांनी सह्या केल्या.

मग ते तीन आठवडे. सल्ला देणं सोपं होतं, न देणं फार अवघड गेलं. पहिल्या आठवड्यात मी दोनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. बाराव्या दिवशी शनिवार होता आणि करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून मी आणि प्राध्यापक मुलुंडच्या एका बागेत बाकावर जाऊन बसलो. समोर पोरं क्रिकेट खेळत होती. आम्ही दोघं घड्याळ बघत होतो. अकराला संचालकांचा फोन. “मॅडम, काचेतून नुसतं बघितलं तर चालेल ना?”

“काचेतूनही नाही.”

“नाही, म्हणजे मावशींनीच विचारलं.” मागून मावशींचा आवाज आला, “मी कुठे काय विचारलं?”

चौदावा दिवस आला. मी सकाळपासून फोन जवळ घेऊन बसले होते. कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले आणि भाताची पेज झाली. फोन आला नाही. पंधराव्या दिवशीही नाही. सोळाव्या दिवशी प्राध्यापकाचा आला, “तुला आला का?” मी म्हणाले, “नाही. ठेव फोन, लाइन मोकळी राहू दे.” माझ्या आयुष्यात फोन न आल्याचा इतका आनंद मला कधी झालेला नाही.

बाविसाव्या दिवशी सकाळी तिचा आवाज आला. “मॅडम, आता या.”

मी आदल्या रात्रीच हरभरे भिजत घातले होते. कशाच्या भरवशावर, ते मला विचारू नका. ते उकडून, मीठ खोबरं घालून डबा भरला, कारण बारसं असेल तर घुगऱ्या हव्यात. चकाल्याला उतरले तर प्राध्यापक स्टेशनच्या जिन्याखाली उभा, इस्त्रीच्या शर्टात. त्यानं मला बघितलं, डब्याकडे बघितलं आणि म्हणाला, “दे, मी धरतो.” असं तो कधी म्हणत नाही.

आम्ही बैठकीच्या खोलीतच बसलो. आत जायचं नाव कोणी काढलं नाही. संचालक उठत होते, बसत होते. तांबड्या पेशींचं काम पुढच्या वर्षीही चालू राहणार आणि मुलीच्या हाताखाली आणखी दोघं देणार, हे त्यांनी जिन्यातच एकदा सांगितलं, मग बसल्यावर परत सांगितलं, मग मावशींना सांगितलं. मावशींनी घुगऱ्या वाट्यांत घातल्या.

मुलगी आतून आली. हातात काचेची एक छोटी नळी, घट्ट बुचाची. सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, मोजमापं वहीत उतरली होती, हा उरलेला भाग फक्त दाखवायचा होता. आम्ही तिघंही, सगळ्याला हात लावून बघायची सवय असलेली माणसं, हात पाठीमागे बांधून उभे राहिलो. तळाशी लाल होतं. तीस वर्षं रोज बघितलेला तोच लाल, फार तर दोन थेंब. हे अजून कोणाच्या हातात टोचायचं नव्हतं, त्याला बरीच वर्षं जायची होती. पण ते कोणाच्याही दंडातून काढलेलं नव्हतं.

तिनं नळी माझ्यापुढे धरली. “मॅडम,” ती म्हणाली, “आता हात लावा.”

मी लावला. नळी गार होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. प्राध्यापकानं माझ्या पाठीत धपका घातला, बारशाला आत्याच्या पाठीत घालतात तसा, आणि मग त्यालाही नळी हवी झाली. मी म्हणाले, थांब रे जरा. पिशवीकडे बघून विचारणारी ती चिमुरडी आता कॉलेजात आहे, अजूनही दर तीन आठवड्यांनी रक्तपेढीत जाते. पुढच्या खेपेला मी तिला भेटायला जाणार होते आणि तिला सांगणार होते, की एक दिवस तू विचारशील आज कोणाचं, आणि कोणीतरी तुला अगदी खरं उत्तर देईल: वर्सोव्याच्या एका कोळणीच्या पोरीचं.